चष्मा दवाखान्यात गेला

बाइंडरचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढचं दार रस्त्यावर उघडायचं, मागे घर, आणि दोन्हींच्या मधे एक जाडा पडदा. खिडकीखाली बुटकं टेबल. त्यावर खळीचं भांडं, दाभण, मेण लावलेला दोरा, पुठ्ठ्यांची चळत, आणि या सगळ्या पसाऱ्यात एक उघडं पुस्तक. त्या पुस्तकात मान घालून आमचा बाइंडर बसलेला. गिऱ्हाईक दारात उभं राहून दोनदा खाकरलं तरी याला पत्ता नसायचा. तिसऱ्यांदा खाकरलं की मान वर करून म्हणायचा, "एक मिनिट हं, एवढं पान होऊ दे."

माणूस कामचुकार मात्र नव्हता. हात असा, की त्याने बांधलेलं पुस्तक जमिनीवर आपटलं तरी पान सुटायचं नाही. फक्त ते बांधून कधी मिळेल, हे विचारायचं नाही.

तसा दोष सगळा त्याचाही नव्हता. त्याचे वडीलही बाइंडरच. घरात खेळणी नव्हती, फाटकी पुस्तकं होती. पोरगं अक्षरं शिकलं ते सुट्या पानांवर. फाटक्या पुस्तकाची पुढची पानं आधी गळतात, त्यामुळे बरीच वर्षं त्याला वाटायचं की गोष्टी सतराव्या पानापासूनच सुरू होतात. मोठेपणी पहिल्यांदा एक अख्खी कादंबरी हाती लागली, तर म्हणाला, "सुरुवातीला उगाच पाल्हाळ लावलाय."

आणि काम तरी कसं? जुनं पुस्तक बांधायचं तर आधी उसवायचं. उसवलं की फर्मे सुटे होतात. फर्मा म्हणजे एका कागदाला घड्या घालून झालेली सोळा पानं. ते सगळे ओळीने लागलेत की नाहीत हे बघायचं तर पानाच्या खालचा आकडा बघावा लागतो. आकडा बघायला नजर खाली गेली की ती हळूच एक ओळ वर सरकायची. मग आणखी एक. मग डावा हात खळीचं भांडं सांडू नये म्हणून बाजूला सरकवायचा, उजवा कोपर टेबलावर टेकायचा, आणि दुपार संपायची.

गल्लीत त्याला 'शेवटसांगे' म्हणत. आडनावासारखंच चिकटलं होतं ते. शेजारचा कुलूपवाला एकदा आपली रहस्यकथा बांधायला टाकून गेला. आठवड्याने विचारायला आला तर हा म्हणाला, "झालंच आहे. बुधवारी न्या. खून दिराने केला."

कुलूपवाल्याने कपाळावर हात मारला. "अहो, मला अजून वाचायची होती!"

"मग वाचा की. कसा केला ते कुठे सांगितलंय?"

घरात आई आणि बायको. आई पडद्यामागे खाटेवर बसून जपमाळ ओढायची आणि दुकानातला शब्दन् शब्द ऐकायची. बायको तीन रस्ते पलीकडे डॉक्टरांच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीत बसायची. सकाळी जायची, संध्याकाळी यायची. आल्यावर टेबलाकडे एक नजर टाकायची आणि काही न बोलता आत जायची. बोलायची गरज नव्हती. सकाळी वाळत ठेवलेली चळत तिथल्या तिथे असायची.

हे असंच चाललं असतं. पण त्या वर्षी गावातल्या मोठ्या वाचनालयाचं छप्पर दुरुस्तीला निघालं. चाळीस दिवस वाचनालय बंद. ग्रंथपालबाई स्वतः दुकानात आल्या, मागून हातगाडीवर दीडशे पुस्तकं. बाई उंच, बारीक, आवाज एवढा हळू की समोरच्याला आपोआप गप्प व्हावं लागायचं.

"बाइंडर," त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी साठ पुस्तकांना तुम्ही किती दिवस घेतलेत, आठवतंय?"

"बाई, त्यात काही फार नाजूक होती..."

"आठ महिने. नाजूक होती की गोड होती, ते मला माहीत आहे. परत आलेल्या पुस्तकांत खुणेला दोऱ्याचे तुकडे सापडले." त्यांनी एक कागद टेबलावर ठेवला. "समितीने ठरवलंय. चाळीस दिवसांत ही दीडशे आली तर वर्षभराचं काम तुमचं. एक दिवस जरी उशीर झाला तर यापुढे सगळं यंत्रावर बांधणाऱ्यांकडे जाईल. मी तुमच्या बाजूने बोलले. आता पुन्हा बोलायची माझी सोय राहिलेली नाही."

वाचनालयाचं काम गेलं तर दुकान बंद, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. किरकोळ वह्या आणि एखाद-दुसरी रहस्यकथा यांवर घर चालत नाही. मग मेव्हण्याच्या खोक्यांच्या कारखान्यात जायचं, दिवसभर पुठ्ठ्याला घड्या घालायच्या. मेव्हणा वाटच बघत होता. "दाजी, या कधीही," तो म्हणायचा, "आमच्या खोक्यांवर वाचायला काही नसतं."

बाई गेल्या तशी पडद्यामागून आई म्हणाली, "ऐकलंस ना? आता तरी देवापुढे उभा राहा आणि शपथ घे."

घेतली. अगदी हात जोडून घेतली. चाळीस दिवस एक ओळ वाचणार नाही. शिवाय भिंतीवर मोठ्या अक्षरात 'वाचू नये' असं लिहून चिकटवलं. ते तो दिवसातून दहा वेळा वाचायचा.

पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी त्याने ठरवलं की पहिलं पान बघणं म्हणजे काही वाचणं नव्हे, ती तपासणी आहे. पाचव्या दिवशी तपासणी पहिल्या प्रकरणापर्यंत गेली. आठव्या दिवशी तो एका जाड कादंबरीत पार बुडाला. घर सोडून गेलेल्या एका बाईची गोष्ट होती ती, आणि बारा वर्षांनी तिला माहेरून पत्र आलं होतं.

बारावा दिवस उजाडला तेव्हा नऊ पुस्तकं झाली होती.

"शपथ घेतली होतीस ना रे?" आई म्हणाली.

"आई, मन घट्ट करतोय मी. रोज करतोय."

"रोज घट्ट करावं लागतंय, म्हणजे रोज सैल होतंय."

बाइंडरला खरंच वाईट वाटत होतं. रात्री अंथरुणावर पडला की स्वतःला शिव्या द्यायचा, आणि सकाळी शपथेला नवा मुलामा चढवून टेबलापाशी बसायचा. देवाकडे रोज एकच मागायचा: मला बळ दे. मागणं खरं होतं, मनापासून होतं. फक्त मागताना डोळे पुस्तकांच्या चळतीकडे असायचे.

त्याच दिवशी दवाखान्यात एक खोकणारे गृहस्थ आले होते. डॉक्टरांनी विचारलं, सिगारेट सुटली का? ते छाती पुढे काढून म्हणाले, "प्रयत्न चालू आहे. बघा, खिशात पाकीट ठेवतो आणि ओढत नाही. मनाची परीक्षा घेतो."

"आज किती ओढल्यात?"

"आज चार."

डॉक्टर म्हणाले, "अहो, परीक्षा कसली घेताय? रोज नापास होताय. आधी पाकीट घराबाहेर काढा. मन नंतर बघू."

औषधाच्या खिडकीत बसलेल्या बाइंडरच्या बायकोच्या हातातली बाटली तशीच राहिली. घरी जाईपर्यंत ती एकच विचार करत होती. पुस्तकं घराबाहेर काढता येत नाहीत, पोटच त्यांच्यावर आहे. मग काढायचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना ती टेबलापाशी आली. नवऱ्याच्या नाकावरचा चष्मा अलगद उचलला, घडी घातली आणि पिशवीत टाकला.

"अगं! अगं, हे काय?"

"मी चालले. चष्मा माझ्याबरोबर येतोय."

"आणि मी काम कसं करू?"

"हाताने. तीस वर्षं हातानेच करताय ना?"

बाइंडरची लांबची नजर चांगली होती. रस्त्यापलीकडची पाटी तो सहज वाचायचा. पण चष्मा काढला की हातातलं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. "सुईत दोरा कोण ओवणार? तू?"

"ओवून ठेवलाय." खरंच, टेबलावर एका उशीत वीस सुया दोरा ओवून टोचलेल्या होत्या. तिचेही डोळे अलीकडे दगा द्यायला लागले होते, म्हणून त्याचाच चष्मा लावून पहाटे ओवल्या होत्या.

"आणि फर्मे लावायचे? आकडे दिसायला हवेत!"

"ते संध्याकाळी. मी समोर बसेन."

पडद्यामागून आई म्हणाली, "सूनबाई, त्याचा जुना चष्मा पण ने. एका काडीचा. दाभणाच्या डब्यात लपवलाय त्याने."

"आई!" बाइंडर ओरडला.

"मला माळ ओढताना ऐकू येतं सगळं," आई शांतपणे म्हणाली. "डब्याचं झाकण सारखं सारखं वाजत होतं."

दोन्ही चष्मे दवाखान्यात गेले.

पहिले काही दिवस बाइंडरने काय काय केलं ते विचारू नका. पुस्तक हात लांब करून धरून पाहिलं, पण हात पुरेना. मग समोरच्या फळीवर उभं करून आपण मागे मागे सरकत गेला, तर मथळे तेवढे दिसले. 'प्रकरण नववे' एवढं वाचून त्याची तहान काय भागणार? खळ ढवळायच्या काचेच्या पेल्यात पाणी भरून त्यातून बघितलं. अक्षर मोठं झालं, पण एका वेळी दीड शब्द. कुलूपवाल्याकडे भिंग मागायला गेला. कुलूपवाल्याने सगळं ऐकून घेतलं, भिंग खिशात टाकलं आणि म्हणाला, "भिंग कशाला? शेवट मीच सांगतो तुम्हाला. खून केला दिराने."

शेवटी करायला काम सोडून काही उरलं नाही. मग त्याने काम केलं.

आणि गंमत बघा, हात मोकळे झाले. सुई जुन्या भोकांतून आपोआप जायची, दोरा ओढल्याचा सुर्रकन आवाज यायचा, पुठ्ठ्यावर कापड बसायचं, कण्यावर बोट फिरवलं की खळ कुठे कमी आहे ते कळायचं. संध्याकाळी बायको चष्मा घेऊन यायची, आणि बरोबर पुठ्ठ्याची एक पट्टी. पट्टीला आकड्याएवढं भोक. ती पट्टी ती पानावर धरायची, भोकातून नुसता पानाचा आकडा दिसायचा, बाकी सगळं झाकलेलं. असे फर्मे ओळीने लावून, दोऱ्याने एकेका पुस्तकाचा गठ्ठा बांधून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी वरून एकेक उचलायचा आणि शिवायचा.

"जरा पट्टी तिरकी झाली वाटतं," बाइंडर म्हणायचा.

"मान सरळ करा, सरळ दिसेल."

पुस्तकं भराभर व्हायला लागली. दिवसाला सहा, कधी सात. आईची माळ मात्र मंदावली. दुकानात ऐकण्यासारखं काही घडेनासं झालं होतं.

चौतिसाव्या दिवशी बायकोला निघायला उशीर झाला. घाईघाईत सुया ओवल्या, पिशवी उचलली आणि पळाली. बाइंडर टेबलापाशी येऊन बसला, सुईसाठी हात पुढे केला, आणि हात तिथेच थांबला. सुयांच्या उशीवर चष्मा होता.

आणि त्या दिवशी गठ्ठ्यांत वरच कोण, तर ती जाड कादंबरी. घर सोडून गेलेली बाई. बारा वर्षांनी आलेलं पत्र. गेले तीन आठवडे ते पत्र बाइंडरच्या डोक्यात न फोडलेलं पडून होतं.

आई आत झोपली होती. माळेचा आवाज नव्हता.

बाइंडरने विचार केला. सव्वीस पुस्तकं राहिलीत, सहा दिवस आहेत. जमण्यासारखं आहे. एक पान वाचलं तर काही आभाळ कोसळत नाही. उलट एकदाचं कळलं की डोकं मोकळं होईल, काम आणखी झपाट्याने होईल. आणि आता आपण पूर्वीसारखे राहिलो नाही. वीस दिवस वाचलं नाही म्हणजे मन घट्ट झालंच की. मन घट्ट असलेल्या माणसाने एक पान वाचायला काय हरकत आहे?

चष्मा नाकावर आला. मुंग्यांची रांग एकदम शहाण्यासारखी अक्षरं होऊन उभी राहिली. 'तिने पाकीट फोडलं आणि...'

तेवढ्यात काहीतरी घासल्याचा आवाज झाला. बाइंडरने बघितलं. त्याचा डावा हात खळीचं भांडं बाजूला सरकवत होता.

तो दचकला. आपण अजून एका पानाची बोलणी करत होतो, आणि हाताने दुपारभराची जागा करून ठेवली होती! वडलांचं हे टेबल, आईची पडद्यामागची खाट, मेव्हण्याच्या कारखान्यातली खोक्यांची भिंत, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. त्याने मन घट्ट केलं नाही. ते करून बघितलेलं होतं. त्याने चष्मा काढला, मुठीत धरला, दार ओढून घेतलं आणि चालायला लागला.

दवाखान्यात रांग होती. रांग सोडून तो थेट खिडकीशी गेला. बायकोचा चेहरा पांढरा पडला. "काय झालं? आईंना काही..."

"आई झोपलीय. हे घे." त्याने चष्मा खिडकीतून आत सरकवला.

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "बाबा, डोळ्यांचे डॉक्टर इथे नाहीत."

"डोळे बरे आहेत, आजी," बाइंडर म्हणाला. "बाकीच्याचं औषध चाललंय."

बायकोने झोपेच्या गोळ्यांचा खण उघडला, चष्मा आत ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. मग म्हणाली, "परत जाताना सावलीतून जा. घामाघूम झालायत."

परत येऊन बाइंडर तीच कादंबरी घेऊन घाईघाईने शिवायला बसला. एक फर्मा मांडीवरून खाली घसरला. त्याने उचलला, धूळ झटकली, शिवून टाकला.

एकोणचाळिसाव्या दिवशी हातगाडी भरली. दीडशेच्या दीडशे. बायकोने त्या दिवशी सुट्टी घेतली होती, ती घरीच देवापुढे बसली. आईने माळ हातात घेतली, पण एक मणी ओढायची आणि थांबायची.

वाचनालयाचं नवं छप्पर अजून ओल्या चुन्याच्या वासाचं होतं. ग्रंथपालबाईंनी पुस्तकं मोजली. मग मधूनमधून एकेक उचलून उघडायला लागल्या. कणा दाबून बघायच्या, पानं फिरवायच्या, बाजूला ठेवायच्या. बाइंडर हात बांधून उभा. असं करता करता त्यांनी ती जाड कादंबरी उचलली. पानं फिरवली. थांबल्या. पुस्तक उलटं धरलं. पुन्हा सुलटं धरलं.

"बाइंडर, इकडे या."

मधला एक फर्मा, सोळाच्या सोळा पानं, डोक्यावर उभा होता. चष्मा नव्हता तरी एवढं त्याला दिसलं, कारण आकडे वर आणि मथळे खाली होते. तीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. वडलांच्या हातून तर नाहीच.

"तुम्ही हे पुस्तक वाचलंत?" बाईंनी त्याच हळू आवाजात विचारलं.

"नाही, बाई. देवाशपथ."

"अर्धं?"

"बाराव्या दिवसापर्यंत थोडं... पण त्यानंतर अर्धीच ओळ. हे पान तर नाहीच."

बाई त्या उलट्या पानाकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. एवढ्या वर्षांत बाइंडरने तो हललेला कधी पाहिला नव्हता.

"ते दिसतंच आहे," त्या म्हणाल्या. "वाचलं असतंत तर हे तुमच्या हातून झालं नसतं. समितीला दाखवायला याहून चांगला पुरावा मला मिळणार नाही." आणि कागदावर सही करून त्यांनी तो पुढे केला. "वर्षभराचं काम तुमचं. हे एक दुरुस्त करून आणा. आणि वाचायचं असेल तर रविवारी इथे या. खुर्ची आहे, दिवा आहे. दुकानात नाही."

"बाई, मी इथला सभासद नाही."

"कसे असाल? पुस्तकंच तुमच्याकडे चालत येत होती."

घरी आल्यावर त्याने कागद आधी आईच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून कपाळाला लावला, आणि माळ एका दमात पुरी केली. बायको दारात उभी राहून नुसती हसत होती.

संध्याकाळी ती दुरुस्ती करायला दोघं बसली. बाइंडरने शिवण उसवली, फर्मा मोकळा केला. चष्मा बायकोच्या नाकावर होता.

"बघ, सुलटा आहे ना आता?"

"हो, सुलटा आहे."

"आकडा?"

"बरोबर आहे."

"मग दे इकडे. खळ लावून ठेवलीय पुठ्ठ्याला, वाळेल."

फर्मा आला नाही. बाइंडरने मान वर केली. बायको फर्म्यात मान घालून बसली होती, आणि तिच्या डाव्या हाताने सुयांची उशी हळूच बाजूला सरकवली.

"अगं..."

"एक मिनिट हं. एवढं पान होऊ दे. तिच्या आईनेच लिहिलंय हो पत्र..."

"सांगू नकोस!" बाइंडरने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"सूनबाई," पडद्यामागून आवाज आला, "मोठ्याने वाच की. मला ऐकू दे तरी, काय लिहिलंय आईने."

बाइंडरने बायकोकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, भांड्यातल्या खळीवर धरू लागलेल्या सायीकडे पाहिलं. मग उठला, बायकोच्या हातातून फर्मा सोडवून घेतला, शिवला, पुठ्ठा चढवला आणि पुस्तक दाबायच्या शिकंज्यात घालून मळसूत्र गच्च पिळलं.

"आता उद्या सकाळपर्यंत सुटायचं नाही," तो म्हणाला. "आणि सुटलं की थेट वाचनालयात."

बायकोने चष्मा काढून त्याची घडी घातली.

"अहो," बायको म्हणाली, "सभासद व्हायला काय लागतं, विचारलंत का बाईंना? दोघांसाठी?"

"तिघांसाठी," आतून आई म्हणाली. "तुमच्यातलं कोणीतरी वाचून दाखवा."